तळघरात कानबाई

सुरतेच्या दिंडोलीतल्या आपल्या रो-हाऊसला तळघर आहे, ही गोष्ट बन्सीलाल मास्तर पाहुण्यांना चहा यायच्या आधी सांगत. गेल्या दिवाळीपासून मात्र चहा होऊन पाहुणे चपला घालायला लागले तरी सांगत नसत. तळघराचा दरवाजा बंद असे, दरवाज्यापुढे स्टूल असे आणि कोणी चुकूनही दरवाजा उघडू नये म्हणून त्या स्टुलावर मास्तर स्वतः पेपर वाचत बसलेले असत.

कारण एवढंच की तळघराच्या मागच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं. धो धो नाही, आपलं थोडं थोडं, न बोलता. सकाळी जरा जास्त, दुपारी कमी. मास्तरांनी पाचवीच्या वर्गाला आयुष्यभर ‘पाणी समपातळीत राहते’ हे शिकवलं होतं, आणि आता तेच पाणी त्यांच्याच घरात येऊन धडा म्हणून दाखवत होतं. तरी ही घरातली खाजगी बाब होती. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इंदुबाई जेवायला आल्या नसत्या, तर मास्तरांनी ती अशीच स्टुलाआड ठेवून दिली असती.

इंदुबाई म्हणजे मास्तरांच्या थोरल्या भावाची, दगादादांची बायको. दगादादा सगळा जन्म लूमवर राबले आणि नवागामच्या खोलीत राहिले. आमरसाची तिसरी वाटी झाल्यावर इंदुबाईंनी तोंड पुसलं आणि पापड वाढ म्हणावं तितक्या सहज आवाजात सांगून टाकलं, “सुभद्रा, यंदा कानबाई तुना घर बसाडूत. मना गुडघा आते कामना नहीत.”

आता कानबाई म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायला हवं. ती खानदेशी माणसाची श्रावणातली पाहुणी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती येते. नारळाला नथ घालून, दागिने घालून तिला चौरंगावर बसवायचं, सगळ्या भाऊबंदांनी एकत्र जेवायचं, बायांनी गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर पोचवून यायचं. ती यायच्या आधी घराला रंग द्यायचा, कोपरान्‌कोपरा धुवायचा. वाहत्या भिंतीपुढे तिला बसवू नये असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, पण असं कोणी करेल ही शंकाच कोणाला आली नसावी.

आणि सुभद्राबाई, मास्तरांची बायको? ती बाई लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी थोरल्या जावेकडे कानबाईला जायची. पीठ मळायची, भांडी घासायची, सगळ्यांच्या मागून जेवायची आणि सोमवारी परत येताना रिक्षात गप्प बसायची. आपल्याही घरी एकदा बसावी असं तिने कधी तोंडानं म्हटलं नाही. मास्तरांना ते कळत नव्हतं असंही नाही, पण जे आपल्या हातात नाही त्याबद्दल बोलू नये, हा त्यांचा जुना शिरस्ता. आज इंदुबाईंचं वाक्य पुरं झालं, आणि सुभद्राबाईंच्या हातातलं आमरसाचं पातेलं खाली ठेवायचं राहूनच गेलं. ती तशीच उभी. डोळे भरलेले, आणि पातेलं कलतंय.

“पन इतला मानसं मावतीन कथा?” दगादादांनी जागा कुठे म्हणून नजर फिरवली. वरच्या हॉलमध्ये सोफा, शोकेस आणि टीव्ही एवढे तीन भाऊबंद आधीच बसलेले होते.

“तळघर आहे ना!” मास्तर म्हणाले. बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्यांच्या तोंडून पुढचंही निघून गेलं. “एकदम कोरडं!”

शब्द गेला तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर कामाला लागले. पहिला सल्ला अर्थातच ठाकोरभाईंचा. ठाकोरभाई म्हणजे शेजारचे अस्सल सुरती गृहस्थ आणि सोसायटीचे प्रमुख. रोज सकाळी ते मास्तरांकडे येऊन आपल्या नळाला फोर्स नाही म्हणून जगाला दोष देत आणि मास्तरांच्याच घरचा चहा पीत. तळघरात उतरून त्यांनी भिंतीला कान लावला.

“मास्तर, आ तो तापीनुं पाणी छे. भरती आवे एटले चढे.”

“तापी इथून किती लांब आहे, ठाकोरभाई!”

“तापीने कंई पत्तो पूछवो पडे?” ठाकोरभाई म्हणाले. यावर विज्ञानाच्या पुस्तकात उत्तर नव्हतं.

मग आला वॉटरप्रूफिंगवाला मावजीभाई. त्याने भिंतीवर टकटक केलं, मान हलवली आणि “टेन्शन नै लेवानुं” असं अशा आवाजात म्हणाला की मास्तरांना लगेच टेन्शन आलं. भिंतीला ओळीनं भोकं पाडायची, त्यांत पिचकारीनं केमिकल भरायचं, की पाणी जागच्या जागी बंद. भोकं पडली, केमिकल भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर खाली गेले तर ज्या भोकांतून केमिकल आत गेलं होतं त्यांतूनच पाणी बाहेर येत होतं, आणि आता ते छान ओळीत येत होतं. मावजीभाईने ती भोकं बुजवली. पाण्याने दोन दिवस विचार केला आणि बाजूच्या भिंतीतून निघालं.

“बहारथी खोदवुं पडशे,” मावजीभाई शेवटी कंटाळून म्हणाला.

बाहेर म्हणजे मास्तरांच्या आणि ठाकोरभाईंच्या घरांमधली बोळ, आणि बोळीत जमिनीवर सिमेंटचे ब्लॉक. हे ब्लॉक गेल्या दिवाळीत ठाकोरभाईंनी स्वतः उभं राहून, यंत्राने ठोकून ठोकून बसवून घेतले होते. कोपऱ्यावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटीही होती. ब्लॉक उचलायचं नाव काढताच ठाकोरभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला म्हणजे प्रकरण गंभीर.

“मास्तर, जान मागो तो आपुं. ब्लॉकने हाथ नहि लगाडवानो. आज तमे उखाडशो, काल बधा उखाडशे.”

मास्तरांनी अर्ज केला. सोसायटीच्या सभेत तो पुढच्या सभेवर ढकलला गेला. पुढची सभा नवरात्रीनंतर होती.

मग मास्तर एका ऑफिसात गेले. कोणतं ऑफिस ते सोडून द्या, सगळ्या ऑफिसांत टेबलं सारखीच असतात. पहिल्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, “पाणी कोणतं? पिण्याचं, गटाराचं की पावसाचं?”

“ते मला कसं कळणार? भिंतीतून येतंय.”

“तिन्हींची टेबलं वेगळी आहेत, काका.”

“आणि जमिनीतलं असलं तर?”

“तर ते कोणाचंच नाही,” तो माणूस सहानुभूतीने म्हणाला. “नमुना घेऊन या. थंड ठेवा.”

मास्तरांनी भिंतीखाली वाटी धरून सकाळभरात एक बाटली भरली. बाटली फ्रीजच्या दारात ठेवली आणि ते कपडे बदलायला गेले. तेवढ्यात ठाकोरभाई उन्हातून आले. शेजाऱ्याचा फ्रीज उघडायला त्यांना आजवर कधी परवानगी लागली नव्हती. मास्तर शर्टाची बटणं लावत बाहेर आले तर बाटली अर्धी आणि ठाकोरभाई तृप्त.

“वाह! एकदम मीठुं साकर! अमारा घरना पाणी जेवुं ज!”

मास्तरांच्या हातून शेवटचं बटण निसटलं. आता सांगावं तर शेजारधर्म बुडाला, न सांगावं तर कदाचित शेजारीच जायचा. बिचाऱ्या मास्तरांनी मधला मार्ग काढला. दुपारी ते ठाकोरभाईंकडे गेले आणि तब्येत विचारली. संध्याकाळी गेले आणि पोट विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच जाऊन झोप कशी लागली ते विचारलं. ठाकोरभाई इतके हेलावले की बायकोला म्हणाले, “कोकिला, आवा पाडोशी नसीबवाळाने मळे.” त्यांना काहीही झालं नाही. उलट त्या दिवशी त्यांनी लोचो नावाच्या सुरती फराळाच्या दोन प्लेटी जास्त खाल्ल्या. मग कुठे मास्तरांनी ती बाटली भिंतीच्या पाण्याची होती हे सांगून टाकलं.

तेव्हा पाणी गटाराचं नाही, एवढं शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झालं. मास्तर पिण्याच्या पाण्याच्या टेबलावर गेले. तिथल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, “तुमच्या नळाला पाणी कमी येतं?”

“नाही. भरपूर येतं.”

“मग तुमची लाईन चांगली आहे. पुढचे या.”

असे दिवस चालले. मास्तर पाण्याशी भांडत होते, आणि सुभद्राबाई एका शब्दाने बोलत नव्हती. रोज सकाळी ती खाली उतरायची आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा भिंतीला तळहात लावून उभी राहायची. मग हात पदराला पुसून वर यायची आणि मास्तरांना चहा द्यायची. ओरडली असती तर बरं झालं असतं. मास्तरांना त्या ओल्या पदराचंच जास्त लागायचं.

तिने पितळेचा चौरंग घासून ठेवला होता. नथ आणली होती. खाली रंगही देऊन झाला होता, आणि तो पापडासारखा सुटून पडलाही होता. इकडे घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘तळघर कसं दिसतं, फोटो टाका’ म्हणून लकडा लागला. मास्तरांनी आयुष्यात पोरांना कॉपी करू दिली नाही. पण त्या दिवशी जिन्यालगतची एकच काय ती कोरडी भिंत त्यांनी चार बाजूंनी उभं राहून काढली आणि चार भिंती म्हणून पाठवली. दगादादांचा अंगठा आला. इंदुबाईंनी नुसतं पाहिलं.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मास्तर फडकं घेऊन जमीन पुसत होते आणि मागून पाणी परत येत होतं. सुभद्राबाई पायरीवर येऊन बसली.

“राहू द्या आता,” ती म्हणाली. मास्तर घरात शाळेची मराठी बोलत, म्हणून ती त्यांच्यापुरती शाळेची मराठी बोले. “मी बाईंना फोन करते. तुमच्याकडेच बसवू म्हणते. इतकी वर्षं तिकडे गेलो, अजून एक वर्ष जाऊ.”

“सुभद्रा, मी...”

“तुम्ही काही कमी केलं नाही हो. भिंतीला भोकं पडली, तुमचे गुडघे सोलले. नशिबात नाही म्हणायचं.”

मास्तरांना त्या फडक्यानेच तोंड झाकून घ्यावंसं वाटलं. एवढ्या जन्मात बायकोने एकच गोष्ट मागितली, तीही न मागता, आणि तीही आपल्याला देता येत नाही. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस, आणि एका भिंतीपुढे नापास.

फोन लावायची वेळच आली नाही. दारात रिक्षा थांबली. इंदुबाई, दगादादा, त्यांचा मुलगा वाल्मिक, गव्हाचं गाठोडं, दागिन्यांचा डबा, सगळं एकदम उतरलं. मास्तर स्टुलाकडे धावले, पण तोवर इंदुबाई गुडघे धरत धरत पायऱ्या उतरून तळघरात पोचल्या होत्या. त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली. झुळझुळत वाहणारी भिंत, जमिनीवर रंगाचे पापड, कोपऱ्यात बादली. सुभद्राबाईने पदर डोळ्यांना लावला.

“बाई, मी तुम्हाला सांगणारच होते...”

“काय सांगनारी व्हतीस?” इंदुबाई म्हणाल्या. “माले तवयच समजनं. बन्सीभाऊ, चारी भितीस्वर एकच कॅलेंडर कसं काय वो?”

मास्तरांनी मान खाली घातली. चारही फोटोंत एकच बँकेचं कॅलेंडर होतं, आणि चारहीत ते वाऱ्याने सारखंच उडालेलं होतं.

“मग तुम्ही आल्या कशा?” सुभद्राबाईने रडत रडतच विचारलं.

“अशी कशी वो तू येडी!” इंदुबाईंनी तिला जवळ ओढलं. “नवागाममा पूर उना, तवय खाटवर बसाडी व्हती कानबाई. खाट खाले पाणी, वर कानबाई. ती घर दखीसन नही येस, घरनी बाई दखीसन येस. आते रडू नको. गहू निवड.”

आणि विषय संपला. ज्या भिंतीने अखाजीपासून मास्तरांची झोप उडवली होती, तिचा निकाल इंदुबाईंनी तेवढ्या वेळात लावून टाकला. कानबाई इथेच, पाण्यासकट.

पण दगादादांचं वेगळंच चाललं होतं. ते घराभोवती एक चक्कर मारून आले आणि चिंतेत पडले. “बन्सी, खड्डा कथा?”

खड्डा! मास्तरांच्या लक्षातच नव्हतं. कानबाईचा रोट म्हणजे तिच्या नावाने दळलेल्या गव्हाची पोळी. ती फक्त भाऊबंदांनी खायची, आणि या घराण्याची रीत अशी की ती खाऊन हात धुतलेलं पाणीही मोरीत जाऊ द्यायचं नाही. मातीत खड्डा करायचा, त्यात ओतायचं आणि मातीने बुजवायचं. नवागामला खोलीमागे मोकळी जमीन होती. इथे चारी बाजूंना ठाकोरभाईंचे ब्लॉक होते.

मास्तर जड पावलांनी शेजारी गेले. ठाकोरभाई झोपाळ्यावर बसून नळाला शिव्या देत होते.

“ठाकोरभाई, एक ब्लॉक काढावा लागेल.”

ठाकोरभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“वॉटरप्रूफिंगसाठी नाही,” मास्तर घाईने म्हणाले. “आमच्या कानबाईचं आहे.” आणि त्यांनी खड्ड्याचं सगळं सांगितलं.

“माताजीनुं काम छे?”

“हो.”

ठाकोरभाई उभे राहिले. कान पकडले, छतापलीकडच्या कोणाला तरी नमस्कार केला. “अरे मास्तर, तो पहेलेथी बोलवुं जोईए ने! माताजीने ना पाडुं तो नरकमां जाउं.” अर्ज नाही, सभा नाही, नवरात्र नाही. त्यांनी स्वतः घरातून पहार आणली आणि बोळीतल्या, मास्तरांच्या भिंतीलगतच्या ब्लॉकवर बोट ठेवलं. “आ ज काढो. अहिंयां कोईनी गाडी नथी आवती.”

दगादादांनी ब्लॉक काढला आणि कुदळ मारली. दोन घाव, तीन घाव. माती भिजलेली होती. आणखी थोडं खाली गेल्यावर खड्डा आपोआप भरायला लागला.

“माय वो!” दगादादा मागे सरले. “हात धोवाना आधीज भरी गया!”

“जोयुं?” ठाकोरभाई आनंदाने ओरडले. “तापी!”

वाल्मिक इच्छापोरला कंपनीत फिटर होता. त्याने बाही वर केली, खड्ड्यात हात घातला आणि म्हणाला, “पाईप आहे. जोडाजवळ फुटलाय. कोणाचा आहे?”

मास्तरांनी धावत जाऊन आपला व्हॉल्व्ह बंद केला. पाणी येतच राहिलं. मग सगळे हळूहळू ठाकोरभाईंकडे बघायला लागले. ठाकोरभाई गेले आणि त्यांनी आपला व्हॉल्व्ह बंद केला. खड्ड्यातलं पाणी थांबलं. ठाकोरभाई परत आले आणि खड्ड्यावर वाकले.

“एटले,” ठाकोरभाई खड्ड्यात बघत म्हणाले, “ते दिवसे फ्रीजमांथी में मारुं ज पाणी पीधुं?”

मास्तरांनी मान डोलावली.

ठाकोरभाईंची नजर खड्ड्यावरून ब्लॉकवर गेली, ब्लॉकवरून कोपऱ्यातल्या पाटीवर गेली. दिवाळी. यंत्र. ठोकून ठोकून बसवलेले ब्लॉक. सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून आलं. इतक्या दिवसांत मास्तरांनी या क्षणाची किती वाट पाहिली असेल! भरती काढावी, तापीचा पत्ता काढावा, अर्ज काढावा. पण समोर उभा असलेला माणूस इतका ओशाळलेला होता की मास्तरांना वर्गात फळ्यापुढे उत्तर न येऊन उभं राहिलेलं पोर आठवलं.

“उंदरानं कुरतडला असेल,” मास्तर म्हणाले.

वाल्मिकने तोंड उघडलं. दगादादांनी त्याच्या पायावर पाय दिला.

“उंदर ज हशे,” ठाकोरभाई हळूच म्हणाले. आणि मास्तरांचा हात धरून ते बराच वेळ सोडेचनात.

वाल्मिकने संध्याकाळच्या आत नवा जोड बसवला. व्हॉल्व्ह उघडताच ठाकोरभाईंच्या घरातून कोकिलाबेनची किंकाळी आली. दिवाळीपासून नळाखाली वाकून पाणी धरायची सवय झालेली, आणि आज एकदम फोर्स! ती नखशिखांत भिजली होती. कानबाईचा खड्डा दगादादांनी पाईपावर कोरडी माती टाकून त्याच जागी उथळ केला. भिंत काही एका दिवसात वाळणार नव्हती, पण पाणी थांबलं होतं. वाल्मिकच्या मित्रांनी लूमवरून साड्यांचे ताके आणले आणि भिंतीवरून सोडले. पापड, भोकं, डाग सगळं गुलाबी कापडाआड गेलं.

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर नारळ, नारळाला नथ, समोर भाऊबंद मांडीला मांडी लावून. इंदुबाईंनी काडेपेटी सुभद्राबाईच्या हातात दिली. “दिवा तू लाव. घर तुनं शे.” सुभद्राबाईने आधी पदर नीट घेतला, वात पुढे सारली आणि मग काडी ओढली. कोणी घाई केली नाही. मास्तर जिन्यात उभे होते. त्यांना बायको अशी कधी दिसलीच नव्हती, आणि आपण नीट पाहिलंच नव्हतं की काय, असं वाटून ते दोन पायऱ्या खाली उतरले. रोट भाऊबंदांचा, म्हणून ठाकोरभाईंना वेगळी पुरणपोळी वाढली. ती त्यांनी माताजींना नमस्कार करून चार वेळा मागून घेतली. बायांनी गाणी म्हटली, आणि कोकिलाबेनने त्याच गाण्यांवर गरबा धरला. दोन्ही जमलं.

सोमवारी तापीवरून सगळे परत आले. खड्डा बुजवून झाला होता. ठाकोरभाई ब्लॉक उचलून जागेवर बसवत होते. मास्तर घरातून उरलेलं सिमेंट घेऊन आले.

“सिमेंट नै,” ठाकोरभाई वर न बघता म्हणाले. “आवता वरसे पाछो काढवो पडशे ने?”

रिक्षात बसायला निघालेले सगळे थबकले. पुढच्या वर्षीचं ठरवणं ठाकोरभाईंच्या हातात नव्हतं. ते इंदुबाईंचं होतं. सुभद्राबाई जमिनीकडे बघत राहिली. इंदुबाई चपला घालत होत्या. त्यांनी एक चपल घातली, दुसरी घातली आणि काखेतला दागिन्यांचा डबा काढून सुभद्राबाईच्या हातात ठेवला.

“हाई आठेज ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “दरसाल कसाले आनू? ब्लॉक ते काढनाच पडी.”

रिक्षा गेली. ठाकोरभाईंनी ब्लॉक तसाच, सैल, मातीवर बसवला आणि पायाने हलकेच दाबून पाहिला.

मास्तर तळघरात उतरले. सुभद्राबाई साडीचा ताका बाजूला सारून भिंतीला तळहात लावून उभी होती. डबा दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला.

“अजून ओल आहे,” ती म्हणाली.

“वाळेल,” मास्तर म्हणाले. “अख्खं वर्ष आहे आपल्याकडे.”